उणे-अधिकची पट्टी आणि फुलाचे चिन्ह : छोट्या कॅमेऱ्यातील फोकस व प्रकाशाची कुळकथा

खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यात, ज्याला बाजारात ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात, वापरणाऱ्याच्या हाती ठेवलेल्या सेटिंगांचे ढोबळमानाने दोन गट पडतात : कोणत्या अंतरावरची वस्तू रेखीव उमटावी हे ठरवणारा फोकसचा गट आणि चित्रात किती व कोणत्या छटेचा प्रकाश धरावा हे ठरवणारा प्रकाशाचा गट. ही बटणे इलेक्ट्रॉनिक युगात जन्मली असा सर्वसाधारण समज आहे व तो चुकीचा आहे. इलेक्ट्रॉनिकीने छायाचित्रकाराच्या डोळ्यांत आणि बोटांत मुरलेला अंदाज उचलून यंत्रात नेला, आणि तो नेताना काही गृहीतकेही सोबत नेली, जी अजून यंत्रातच आहेत.

मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ 1854 मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे छायाचित्रकार ज्या पद्धतीने काम करीत, तीत फोकस म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीमागे बसवलेल्या घासलेल्या काचेवर उलटी पडलेली प्रतिमा डोक्यावर काळे कापड ओढून पाहणे आणि भिंग पुढेमागे सरकवून ती रेखीव करणे एवढाच अर्थ होता. प्रकाशाचे माप घेणारे साधन नव्हतेच. 1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत रसायन लावलेली काच ओली असतानाच वापरून धुवावी लागे, त्यामुळे भिंगावरचे झाकण काढून पुन्हा बसवण्यातला काही सेकंदांचा अवधी उन्हाकडे पाहून मनात ठरवला जाई, आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तर काच वाळण्याची घाई त्यात भर घाली.

कोरड्या काचा आणि पुढे फिल्म आल्यावर हा अवधी सेकंदाच्या अंशावर आला. 1888 च्या कोडॅक कॅमेऱ्याने तर फोकस आणि प्रकाश या दोन्ही गोष्टी कारखान्यातच कायमच्या ठरवून टाकल्या. भिंगाचे छिद्र लहान आणि नाभीय अंतर कमी असेल, तर काही फुटांपासून क्षितिजापर्यंतचे सारे पुरेसे रेखीव उमटते. रेखीव पडणाऱ्या या पट्ट्याला क्षेत्रखोली म्हणतात आणि स्वस्त कॅमेऱ्यांचा सगळा व्यवहार तिच्यावर चालला. त्याहून थोड्या वरच्या दर्जाच्या कॅमेऱ्यांवर एक डोके, माणसांचा घोळका आणि डोंगर अशी अंतराची, तर सूर्य आणि ढग अशी प्रकाशाची चिन्हे आली. डिजिटल कॉम्पॅक्टच्या पडद्यावरची चित्रलिपी तिथून आली आहे. क्षेत्रखोलीचा वारसाही तिकडचाच : अनेक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत प्रकाश टिपणारा संवेदक जेमतेम 6 मिलिमीटर रुंद असतो, 35 मिलिमीटर फिल्मची चौकट 36 मिलिमीटर रुंद होती, त्यामुळे छोट्या कॅमेऱ्याला मुळातच आखूड नाभीय अंतराचे भिंग पुरते आणि साध्या दृश्यात फोकस चुकला तरी सहसा कळत नाही.

जिथे चुकून चालत नव्हते असे एक क्षेत्र मात्र राहिले, ते पुरातत्त्वाचे, आणि त्याचे उदाहरण खानदेशात आहे. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहादे तालुक्यात तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसलेले प्रकाशा हे गाव दक्षिण काशी म्हणून यात्रेकरूंना ठाऊक आहे. अभ्यासकांना ते ठाऊक आहे तिथल्या पांढरीमुळे, म्हणजे जुन्या वस्तीच्या ढिगाऱ्यामुळे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी 1955 मध्ये तिथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल सर्वेक्षणाच्या ‘एन्शंट इंडिया’ या नियतकालिकाच्या 20-21 या जोडअंकात छापला गेला. ताम्रपाषाणयुगापासून पुढच्या ऐतिहासिक काळापर्यंतचे थर एकावर एक सापडल्याने तापी खोऱ्याचा कालक्रम लावण्यात या गावाला मोठे स्थान मिळाले.

थापर हे मॉर्टिमर व्हीलर यांच्या परंपरेतले. 1944 ते 1948 या काळात सर्वेक्षणाचे महासंचालक असलेल्या व्हीलर यांनी खड्ड्याची उभी बाजू, जिला छेद म्हणतात, ती तासून स्वच्छ करणे, थरांना चिठ्ठ्या लावणे आणि शेजारी मोजपट्टी ठेवून मगच छायाचित्र घेणे ही शिस्त खात्याला लावली होती. अशा छेदाचे छायाचित्र हा पुरावा असतो, कारण खणून झालेला थर पुन्हा पाहता येत नाही. त्यात दोन अडचणी ठरलेल्या. पहिली अशी की, मातीच्या दोन थरांतला फरक बहुधा रंगाच्या निसटत्या छटेचाच असतो. ऊन समोरून पडले तर सगळी भिंत सपाट दिसते, एक भाग उन्हात आणि एक सावलीत राहिला तर सावलीची रेघच थराची रेघ वाटू लागते, म्हणून एकसारख्या सावलीची किंवा तिरप्या उन्हाची वेळ गाठावी लागते. दुसरी अडचण प्रकाश मोजण्याची आहे, आणि छोट्या कॅमेऱ्याने तीच वारशात घेतली.

सेलेनियम या धातुसदृश मूलद्रव्यावर प्रकाश पडला की वीज निर्माण होते, या गुणावर चालणारे हातात धरायचे प्रकाशमापक 1930 च्या दशकात बाजारात आले आणि 1938 मध्ये कोडॅकच्या ‘सुपर सिक्स-20’ या कॅमेऱ्याने त्या विजेवर छिद्र आपोआप बसवून दाखवले. मापकाला समोर काय आहे हे कळत नाही, किती उजेड परत येतो एवढेच कळते. म्हणून दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे, पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे 18 टक्के परत पाठवणारे आहे असा संकेत रूढ झाला. माणसे, झाडे आणि आकाश मिळून बनलेल्या दृश्याला तो बरा लागू पडतो. काळ्या कपाशीच्या जमिनीला किंवा बेसाल्टच्या चिऱ्यांना तो मुळीच लागू पडत नाही : यंत्र काळ्याला करडे करू पाहते, नको तितका प्रकाश घेते आणि दगड धुवून काढल्यासारखा फिका येतो. तापीच्या पात्रातील दुपारच्या पांढऱ्या वाळूचे उलट होते, ती मळकट दिसते.

यावरचा उतारा म्हणजे ‘एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन’, कॅमेऱ्यावर उणे-अधिकचे चिन्ह असलेले बटण. त्याचे एकक ‘ईव्ही’ हे 1950 च्या दशकात जर्मनीत रूढ झाले. एक ईव्ही वाढवणे म्हणजे प्रकाश दुप्पट करणे, एक कमी करणे म्हणजे निम्मा करणे, आणि कॉम्पॅक्टवर त्याचे सहसा तीन भाग पाडलेले असतात. काळ्या दगडासाठी काटा दोन घरे उणेकडे न्यावा, वाळूसाठी तितकाच अधिककडे. काळ्यासाठी कमी प्रकाश ही गोष्ट पहिल्यांदा उफराटी वाटते, पण आपण यंत्राची चूक दुरुस्त करीत असतो, दृश्याची नव्हे, हे ध्यानात आले की गोंधळ उरत नाही. या एका बटणाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि फसलेल्या चित्रांचा मोठा वाटा त्या दुर्लक्षाचाच असतो.

स्वयंचलित फोकस त्या मानाने उशिरा आला. 1977 चा ‘कोनिका सी-35 एएफ’ हा तशी सोय असलेला मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला कॅमेरा; त्यात दोन खिडक्यांतून येणाऱ्या प्रतिमा जुळवून अंतर काढले जाई आणि अंधारात ते जमत नसे. पुढच्या वर्षी पोलरॉइडने ध्वनिलहरी सोडून प्रतिध्वनीवरून अंतर मोजले, पण त्या लहरी काचेवरूनच परतत. 1979 मध्ये कॅननच्या ‘एएफ-35एम’ने अवरक्त किरणांची मदत घेतली. डिजिटल कॉम्पॅक्टने या साऱ्या खिडक्या काढून टाकल्या, कारण संवेदकावरची प्रतिमाच तपासता येऊ लागली : भिंग सरकत जाते, उजळ आणि गडद बिंदूंतला फरक वाढत वाढत शिखराला पोहोचतो, किंचित उतरू लागतो, मग भिंग शिखराच्या जागी परत येते. बटण अर्धे दाबल्यावर जो क्षणभराचा विलंब होतो आणि मग हिरवी चौकट उमटते, तो याच शोधाचा वेळ. फरकच नसेल तर शिखर कुठले, म्हणून चुना दिलेल्या कोऱ्या भिंतीवर छोटा कॅमेरा घुटमळतो.

प्रकाशा येथील ताम्रपाषाणयुगीन थरांत मिळालेल्या, तांबड्यावर काळी नक्षी असलेल्या जोर्वे खापरासारखी वस्तू जवळून टिपायची असेल, तर या सर्व सोयी एकत्र लागतात. फुलाचे चिन्ह, म्हणजे मॅक्रो, निवडले की भिंगाला अगदी जवळच्या अंतरांत शोध घेण्याची मुभा मिळते. चौकट खापराच्या मोकळ्या अंगावर न ठेवता काळ्या रेघेच्या काठावर ठेवून बटण अर्धे दाबले की फोकस तिथे पक्का होतो, आणि बोट न उचलता चौकट हवी तशी लावता येते. फ्लॅश बंद ठेवावा. तिथेच मिळालेल्या चकचकीत तांबड्या भांड्यांचे पृष्ठभाग घोटून गुळगुळीत केलेले असल्याने भिंगालगतच्या फ्लॅशचा उजेड सरळ परततो आणि मधोमध पांढरा डाग पडतो. खिडकीतून येणारा तिरपा उजेड चाकावरच्या बारीक रेषाही उठवून दाखवतो. उजेड कमी पडल्यास संवेदनशीलतेचा आकडा चढवता येतो, जर्मन ‘डिन’ (1934) आणि अमेरिकी ‘एएसए’ (1943) या मापांना एकत्र करून 1974 मध्ये ‘आयएसओ’ झाला तोच हा आकडा. पण छोट्या संवेदकावर तो चढवला की चित्रात दाणे येतात, तेव्हा कॅमेरा तिवईवर ठेवून शटर जास्त वेळ उघडे राहू देणे बरे.

श्वेतसंतुलन, म्हणजे ‘व्हाइट बॅलन्स’, फिल्मच्या काळात रोल विकत घेतानाच ठरे : उन्हासाठी एक, विजेच्या दिव्यांसाठी दुसरा. डिजिटलमध्ये ते दर चित्राला बदलता येते आणि ‘ऑटो’वर सोडले तर तांबड्या खापरांनी भरलेली चौकट पाहून कॅमेरा तांबडेपणाच कमी करू लागतो. मातीच्या रंगाची नोंद महत्त्वाची असेल, तिथे पांढऱ्या कागदावर संतुलन स्वतः बसवून घ्यावे.

2005 च्या सुमारास चेहरा ओळखून त्यावर फोकस आणि प्रकाश बसवणारे कॉम्पॅक्ट आले, आणि बहुतेक वापरणाऱ्यांना मेनू उघडण्याचे कारण उरले नाही. ज्या दृश्यात चेहरा नाही, तिथे जुनेच गृहीतक काम करते. जुन्या वास्तूंची आणि वस्तूंची नोंद करणाऱ्यांनी कॅमेऱ्यासोबत आलेल्या पुस्तिकेतील फोकस पक्का करण्याचे आणि उणे-अधिकच्या पट्टीचे अशी दोन पाने तरी वाचावीत, आणि चौकटीत मोजपट्टी ठेवायला विसरू नये.