महाराष्ट्रातील अवकाश-अवशेषपात (२०२२)

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी पावणेआठच्या सुमारास, उत्तर महाराष्ट्र, विदर्भ आणि मध्य प्रदेशातील काही जिल्ह्यांतून आकाशात जळत सरकणाऱ्या ठिपक्यांची रांग दिसली. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे अवशेष सापडले. हे दृश्य म्हणजे चीनच्या 'लाँग मार्च ३बी' प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्याचा वातावरणातील पुनःप्रवेश होता, असे मानले जाते. अवशेषांमुळे कोणतीही जीवितहानी झाली नाही.

दृश्य आणि तर्कवितर्क

मोबाइलवर टिपलेल्या चित्रफिती काही मिनिटांत समाजमाध्यमांवर पसरल्या. उल्कावर्षाव, कोसळणारे विमान, क्षेपणास्त्र, परग्रहवासीयांचे यान असे नाना तर्क लढवले गेले. अनेकांना ही वस्तू आपल्याच शिवारापलीकडे पडल्याचा भास झाला. हा भास स्वाभाविक होता. सुमारे ८० किमी उंचीवरील प्रकाश सपाट प्रदेशात जवळपास १,००० किमी अंतरापर्यंत क्षितिजावर दिसू शकतो, आणि पार्श्वभूमीला काळे आकाश असताना नुसत्या डोळ्यांना अंतराचा अंदाज येत नाही. चित्रफितीतही तो येत नाही.

उल्केची शंका मात्र चित्रफितींवरूनच दूर करता येत होती. उल्का सेकंदाला किमान ११ किमी वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा काही क्षणांत विझते. कक्षेतून खाली येणारी वस्तू सेकंदाला सात-आठ किमी वेगाने, जवळजवळ क्षितिजसमांतर येते. म्हणून ती बराच वेळ दिसते आणि तिचे तुकडे एकामागे एक रांगेने जळत जातात.

प्रक्षेपकाची ओळख

त्याच दिवशी भारतीय वेळेनुसार सायंकाळी सहानंतर न्यूझीलंडमधील माहिया द्वीपकल्पावरून रॉकेट लॅब कंपनीच्या 'इलेक्ट्रॉन' प्रक्षेपकाने ब्लॅकस्कायचे उपग्रह सोडले होते. वेळ जवळची असल्याने दिसलेले दृश्य त्या उड्डाणाचेच असावे, असे अनुमान प्रथम पुढे आले व वृत्तपत्रांतही छापले गेले. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेच्या नोंदी पाहून वेगळा निष्कर्ष मांडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या 'लाँग मार्च ३बी' (क्रमांक वाय७७) प्रक्षेपकाचा तिसरा टप्पा त्याच सुमारास खाली येणे अपेक्षित होते आणि त्याचा मार्ग दृश्याशी जुळत होता.

जमिनीवरचा पुरावाही याच बाजूचा आहे. लाडबोरी गावात सापडलेल्या धातूच्या कड्याचा व्यास सुमारे ३ मीटर भरला. 'लाँग मार्च ३बी'च्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास ३ मीटर आहे, तर 'इलेक्ट्रॉन' जेमतेम १.२ मीटर रुंद आहे. एवढे कडे त्यात मावतच नाही. पवनपार व आसपासच्या भागात सापडलेले गोळे दाबाखालील वायूच्या टाक्यांसारखे होते. अशा जाड कवचाच्या टाक्या पुनःप्रवेशातून अनेकदा शाबूत खाली येतात. अवशेष सिंदेवाही पोलिसांनी ताब्यात घेतले आणि पुढे इस्रोच्या वैज्ञानिकांनी त्यांची पाहणी केली.

पूर्वसूचनेची मर्यादा

असा टप्पा लांबट कक्षेत फिरत राहतो. पृथ्वीजवळून जाताना प्रत्येक फेरीत विरळ हवेच्या घर्षणाने त्याची कक्षा लहान होत जाते. वरच्या वातावरणाची घनता सूर्याच्या सक्रियतेनुसार बदलत असल्याने पतनाची नेमकी वेळ सांगणे अवघड असते. अंदाज एका तासाने चुकला, तर पडण्याची जागा सुमारे २७,००० किमीने सरकते. त्यामुळे सिंदेवाहीसारख्या तालुक्याला आधी सावध करणे व्यवहारात शक्य नव्हते. १९७२ च्या दायित्व करारानुसार अशा वस्तूमुळे जमिनीवर नुकसान झाल्यास प्रक्षेपण करणारा देश भरपाईस बांधील असतो. भारत व चीन दोघेही या करारात सहभागी आहेत. येथे भरपाईचा प्रश्न उद्भवला नाही, तो केवळ कडे कोणाच्या घरावर पडले नाही म्हणून.

समांतर घटना

जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील ज्युरियन बेजवळच्या किनाऱ्यावर एक मोठा दंडगोल वाहून आला. १४ जुलैला चंद्रयान-३ चे उड्डाण झालेले असल्याने तो त्याच प्रक्षेपकाचा भाग असावा, असा तर्क हौशी निरीक्षकांनी केला. दंडगोलावर समुद्री शिंपल्यांचा थर चढलेला होता, म्हणजे तो बराच काळ पाण्यात होता. तो बहुधा पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचा भाग असल्याचे ऑस्ट्रेलियाच्या अवकाश संस्थेने ३१ जुलै रोजी जाहीर केले.