शेवटच्या सलाइननंतर : काळ्या आजारातून बरे होण्याचा इतिहास

बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या चार राज्यांत मिळून काळ्या आजाराचा प्रादुर्भाव असलेले ६३३ विकासगट आहेत. २०२३ साली या सर्व विकासगटांत वर्षभरातील रुग्णांचे प्रमाण दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी नोंदवले गेले. २००७ मध्ये देशात या रोगाचे ४४ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते; २०२३ मध्ये ही संख्या सहाशेच्याही खाली आली. ज्या रोगावर उपचार न केल्यास शंभरातील पंचाण्णवांहून अधिक रुग्ण दगावतात, त्याच्या बाबतीत ही घट असामान्यच म्हणावी लागेल.

मात्र या यशाचा जमाखर्च मांडताना एक प्रश्न सहसा मागे राहतो. काळ्या आजाराचा रुग्ण नेमका बरा केव्हा होतो? शिरेतून दिलेल्या औषधाचा शेवटचा थेंब संपतो तेव्हा, ताप उतरतो तेव्हा, की त्यानंतर काही वर्षांनी? गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर औषधोपचाराचा काळ सतत आखडत गेलेला दिसतो. उपचारानंतरचा काळ मात्र तितकाच लांब राहिला आहे. निर्मूलनाची उरलेली वाट याच दुसऱ्या काळातून जाते.

काळा आजार लिश्मानिया डोनोवानी या एकपेशीय परजीवीमुळे होतो. वाळूमाशीची मादी चावताना तो माणसाच्या शरीरात शिरतो आणि प्लीहा, यकृत व अस्थिमज्जा यांतील भक्षक पेशींत ठाण मांडतो. ज्या पेशींनी जंतूंना गिळून नष्ट करायचे, त्यांच्याच पोटात तो वाढतो. आठवडेच्या आठवडे चालणारा ताप, फुगत जाणारी प्लीहा, रक्तक्षय, खंगत जाणारे शरीर आणि काळवंडणारी कातडी ही त्याची लक्षणे. एकोणिसाव्या शतकात बंगाल आणि आसाममध्ये या रोगाने गावेच्या गावे ओस पाडली. तो मलेरियाचाच एखादा उग्र प्रकार असावा, असा समज दीर्घकाळ होता. १९०३ मध्ये विल्यम लिश्मन आणि मद्रासमधील चार्ल्स डोनोवान यांनी स्वतंत्रपणे या परजीवीचे वर्णन केले आणि रोनाल्ड रॉस यांनी दोघांची नावे जोडून त्याचे नामकरण केले.

कारण सापडले, पण औषध नव्हते. १९१५ च्या सुमारास टार्टर एमेटिक हा अँटिमनीचा क्षार शिरेतून देण्यास सुरुवात झाली. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी त्याचा पुरस्कार केला. त्याने रुग्ण वाचू लागले, परंतु उपचार महिनोन्महिने चाले. उलट्या, खोकला, शिरेभोवतीची आग आणि हृदयावरील परिणाम यांमुळे अनेकांना तो अर्ध्यावर सोडावा लागे.

या टप्प्यावर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांचे काम सुरू होते. कलकत्त्याच्या कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्ये अध्यापन करीत असताना त्यांना संशोधनासाठी एक लहानशी खोली मिळाली होती. तेथे ना गॅसची जोडणी होती, ना वीज, ना नळाचे पाणी. रात्री रॉकेलच्या कंदिलाच्या उजेडात काम चाले. १९२० मध्ये त्यांनी तेथे यूरिया स्टिबामाइन हे अँटिमनीचे नवे सेंद्रिय संयुग तयार केले. टार्टर एमेटिकला जेथे महिने लागत, तेथे या औषधाच्या शिरेतील काही इंजेक्शनांनी दोन-तीन आठवड्यांत उपचार पूर्ण होऊ लागला. १९२२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे आसाममध्ये त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला आणि तेथील मृत्यूंचे थैमान ओसरले. १९२९ साली ब्रह्मचारींचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचवले गेले. पारितोषिक मात्र त्यांना मिळाले नाही.

ब्रह्मचारींची ही कथा विज्ञानवाचकांना बऱ्यापैकी परिचित आहे. त्याच १९२२ साली त्यांनी लिहिलेला आणखी एक निबंध मात्र फारसा कोणाच्या स्मरणात नसतो. काळ्या आजारातून बरे झालेले काही रुग्ण त्यांच्याकडे पुन्हा आले होते. त्यांना ताप नव्हता, प्लीहा वाढलेली नव्हती, प्रकृती ठीक होती. तक्रार फक्त त्वचेची होती. चेहऱ्यावर आणि अंगावर फिकट चट्टे, पुटकुळ्या आणि गाठी उठल्या होत्या. ब्रह्मचारींनी त्या गाठींतील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यांना तेथे लिश्मानियाचे परजीवी दिसले. प्लीहेतून हाकलला गेलेला शत्रू कातडीत येऊन राहिला होता. या अवस्थेला त्यांनी ‘डर्मल लिश्मनॉइड’ असे नाव दिले. आज तिला काळ्या आजारानंतरचा त्वचारोग, म्हणजेच इंग्रजी आद्याक्षरांनुसार पीकेडीएल, म्हणतात.

म्हणजे ज्या वर्षी जगाला या रोगाचे प्रभावी औषध मिळाल्याचे कळले, त्याच वर्षी त्या औषधाच्या कर्त्याने उपचाराची मर्यादाही नोंदवून ठेवली. पहिल्या निबंधाची फळे लगेच दिसली. दुसऱ्या निबंधाचे महत्त्व कळायला कित्येक दशके जावी लागली.

त्यामागे एक कारण होते. रोग पसरतो कसा, हेच तेव्हा पक्के ठाऊक नव्हते. १९२४ मध्ये कलकत्त्यातील संशोधकांनी काळ्या आजाराच्या रुग्णांचे रक्त प्यायलेल्या वाळूमाशीच्या पोटात परजीवी वाढत असल्याचे पाहिले. तिच्या दंशाने माणसाला रोग होतो, हे सिद्ध व्हायला मात्र १९४२ साल उजाडले. स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसाममध्ये स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून ते दाखवून दिले. आपल्या उपखंडात या परजीवीचा ज्ञात साठा माणूस हाच आहे. तो पसरण्यासाठी येथे कुत्रा किंवा उंदीर लागत नाही. वाळूमाशी कातडीतून रक्त पिते. मग ज्याच्या कातडीतच परजीवी आहेत, असा बरा झालेला माणूस तिच्या दृष्टीने कोण ठरतो?

या प्रश्नाचे गांभीर्य इतिहासानेच दाखवले. १९५० च्या दशकात मलेरियाविरोधी मोहिमेत घरोघरी डीडीटी फवारले गेले आणि त्याबरोबर वाळूमाश्याही मेल्या. काळा आजार इतका मागे हटला की तो संपल्यासारखाच वाटू लागला. पुढे फवारणी थांबली आणि १९७० च्या दशकात उत्तर बिहारमध्ये रोगाने पुन्हा डोके वर काढले. मधल्या वर्षांत परजीवी कोठे होता? पश्चिम बंगालमधील संशोधकांनी १९९२ मध्ये नेमका हाच प्रश्न उपस्थित केला : चोवीस परगणा जिल्ह्यातील नव्या साथीची सुरुवात पीकेडीएलच्या एखाद्या जुन्या रुग्णापासून तर झाली नसेल? कातडीवरचे चट्टे वर्षानुवर्षे टिकतात. तो माणूस शेतावर जातो, बाजारहाट करतो, रात्री गोठ्याशेजारच्या मातीच्या घरात झोपतो. आणि वाळूमाशीचा वावर असतो तो याच ओलसर, मातीच्या भिंतींच्या घरांत.

बिहारच्या साथीत आणखी एक संकट उभे राहिले. अँटिमनीची औषधे निकामी होऊ लागली. १९९० च्या दशकातील अभ्यासात बिहारमध्ये अँटिमनीने जेमतेम एकतृतीयांश रुग्ण बरे होत असल्याचे आढळले. पर्याय शोधताना डॉक्टर एका जुन्या प्रतिजैविकाकडे वळले. अँफोटेरिसिन बी हे औषध १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या खोऱ्यातील मातीत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूपासून मिळवले होते आणि बुरशीजन्य रोगांसाठी ते वापरले जाई. बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो. त्याला चिकटून हे औषध पटलाला छिद्रे पाडते. लिश्मानियाच्या पेशीपटलातही तोच घटक आहे. माणसाच्या पेशीत त्याऐवजी कोलेस्टेरॉल असते, म्हणून माणूस बचावतो, पण पूर्णपणे नाही. मूत्रपिंडाला इजा होते, रक्तातील पोटॅशियम घटते आणि औषध चढवताना हुडहुडी भरून ताप येतो.

हे औषध दिवसाआड, काही तास शिरेतून थेंबथेंब सोडावे लागे. अशा पंधरा मात्रा, म्हणजे जवळपास महिनाभर रुग्णालयात मुक्काम. लोक त्याला ‘सलाइन लावणे’ म्हणत असले, तरी मिठाच्या पाण्यात हे औषध साकळते; ते ग्लुकोजच्या पाण्यातूनच द्यावे लागते. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला तो महिना किती महाग पडत असेल, याची कल्पना करता येते. रुग्णाची रोजी बुडे, सोबत राहणाऱ्याचीही बुडे, आणि औषधपाण्यासाठी काढलेले कर्ज ताप उतरल्यावरही फिटत नसे. प्लीहा पूर्ववत होण्यास आणि अंगात पुन्हा कष्टांची ताकद येण्यास त्यापुढेही काही महिने लागत.

पुढची पायरी औषधाच्या वेष्टनाची होती. अँफोटेरिसिनला लायपोसोम म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत बसवले, की ते मूत्रपिंडाला फारसे न दुखावता यकृत आणि प्लीहेतील भक्षक पेशींत जाऊन पोहोचते. परजीवीही तेथेच असतो. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी मुजफ्फरपूर येथे केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅमची एकच मात्रा दिलेल्या गटात सहा महिन्यांनंतर ९५.७ टक्के रुग्ण बरे होते. पंधरा मात्रांच्या जुन्या पद्धतीत हे प्रमाण ९६.३ टक्के होते. म्हणजे एका दिवसाच्या उपचाराने महिन्याभराच्या उपचाराइतकेच काम केले. काही वर्षांतच भारताने ही एकमात्रा पद्धत प्रथम पसंतीची म्हणून स्वीकारली. २५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमान न सोसणारे हे औषध बिहारच्या उन्हाळ्यात जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचवणे, हे त्यामागील न दिसणारे कष्ट.

या चाचणीतील ‘सहा महिन्यांनंतर’ हे शब्द विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावेत. काळ्या आजारात उपचार संपताच रुग्ण कायमचा बरा झाल्याचे मानत नाहीत. ताप गेला, प्लीहा आटू लागली, एवढे झाले की त्याला प्राथमिक सुधारणा म्हणतात. सहा महिन्यांत रोग उलटला नाही, तरच अंतिम निर्णय होतो. निदानासाठी बोटातील रक्ताच्या थेंबावर केली जाणारी आरके-३९ पट्टी-चाचणी येथे उपयोगी पडत नाही, कारण ती प्रतिपिंडे शोधते आणि प्रतिपिंडे बरे झाल्यावरही वर्षानुवर्षे रक्तात राहतात. रोग उलटल्याचा संशय आला, तर प्लीहा किंवा अस्थिमज्जेतील नमुना घेऊन परजीवीच शोधावा लागतो.

सहा महिनेही पुरेसे नाहीत. भारतात उपचार घेतलेल्यांपैकी साधारण पाच ते दहा टक्के लोकांना पुढे पीकेडीएल होतो; बहुधा काही महिन्यांनी वा दोन-तीन वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा. काहींच्या बाबतीत तर आधी काळा आजार झाल्याची नोंदही नसते. मुजफ्फरपूर येथेच संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या, निर्जंतुक वाळूमाश्यांना वेगवेगळ्या व्यक्तींचे रक्त पिऊ दिले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात काळ्या आजाराच्या आणि पीकेडीएलच्या रुग्णांकडून माश्यांना संसर्ग झाला. काळ्या आजाराच्या रुग्णांकडून होणारा संसर्ग उपचारानंतर थांबला. संसर्ग असूनही लक्षणे नसलेल्या व्यक्तींकडून मात्र तो झाला नाही. ब्रह्मचारींच्या दुसऱ्या निबंधातून उभ्या राहिलेल्या शंकेला जवळपास शंभर वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते.

यातून एक नाजूक पेच निर्माण होतो. पीकेडीएलचे चट्टे सहसा दुखत नाहीत, खाजत नाहीत, जीव घेत नाहीत. ते कोड किंवा कुष्ठरोग समजले जातात आणि विशेषतः लग्नाच्या वयातील मुली ते झाकून ठेवतात. उपचार मात्र मूळ रोगापेक्षा लांब असतो. मिल्टेफोसिनच्या गोळ्या साधारण १२ आठवडे घ्याव्या लागतात. त्या गर्भवतींना देता येत नाहीत आणि त्यांच्या काळात डोळ्यांवरही लक्ष ठेवावे लागते. ज्या माणसाला स्वतःला फारसा त्रास नाही, त्याला आपण तीन महिने औषध घे असे सांगतो, ते बव्हंशी त्याच्या शेजाऱ्यांच्या आरोग्यासाठी. सरकार अशा रुग्णाला बुडालेल्या मजुरीची भरपाई देते, त्यामागे हाच न्याय आहे. गावाचे रक्षण करण्याचा भार एकट्या माणसाने सोसायचा असेल, तर गावानेही त्याचा काही वाटा उचलला पाहिजे.

निर्मूलन या शब्दाचा अर्थही येथे नीट समजून घ्यायला हवा. दहा हजारांमागे एकाहून कमी, याचा अर्थ शून्य नव्हे. रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिलेला नाही, एवढाच तो अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी ही स्थिती सलग तीन वर्षे टिकवावी लागते. शेजारच्या बांगलादेशाने २०२३ मध्ये ते मिळवले. परंतु प्रमाणपत्राचा निकष मोजतो तो नव्या तापाच्या रुग्णांना. कातडीवरच्या चट्ट्यांची गणना त्यात होत नाही. रुग्ण कमी झाले की फवारणी ढिली पडते, प्रशिक्षित कर्मचारी दुसऱ्या कामाला जातात आणि फिकट चट्टा पाहून काळ्या आजाराची आठवण येणारा डॉक्टर दुर्मीळ होतो. १९६० च्या दशकात आपण एकदा याच वळणावर होतो.

म्हणून आज उत्तर बिहारच्या एखाद्या गावात आशा कार्यकर्ती चार वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या माणसाच्या दारात उभी राहते आणि उजेडात येऊन पाठ दाखवायला सांगते, तेव्हा ती शंभर वर्षांपूर्वी सुरू झालेली तपासणीच पुढे चालवत असते. औषधाची मात्रा महिन्यांवरून एका दिवसावर आली, ही विज्ञानाची मोठी कमाई. ती टिकवायची, तर बरे झालेल्या माणसाचे दार अधूनमधून ठोठावत राहावे लागेल, अंगात ताप नसला तरीही.