पाटीपासून मोबाइलपर्यंत: शिक्षणाचं दार कुठे सरकलं?

"आता काय, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. विद्यापीठ खिशात आलंय. शिकायचं नसेल त्याला कोण काय करणार?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. प्राध्यापकांकडून, नातेवाइकांकडून, आरक्षणावर तोंडसुख घेणाऱ्यांकडून. वरवर बरोबर वाटणाऱ्या या वाक्याची तपासणी आपण इतिहासाच्या आधारे केली पाहिजे. कारण 'दार सगळ्यांना उघडं आहे' हे आपल्याला पहिल्यांदा सांगितलं जात नाही.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. तत्त्वतः मुलाची बाजू न्याय्य आहे हे सरकारला मान्य होतं, पण एका मुलासाठी बाकीची शाळा रिकामी होईल अशी भीती पुढे करण्यात आली. पुढे सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचं धोरण कागदावर आलं. प्रत्यक्षात आपली मुलं व्हरांड्यात बसत राहिली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने मुंबई इलाख्यातील शिक्षणाचं निवेदन दिलं, त्यात हा सगळा हिशेब मांडला. त्यातून आपण घ्यायचा धडा असा की कागदावरचा प्रवेश आणि प्रत्यक्ष शिकता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधलं अंतर कोण भरून काढणार, हा खरा प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी ते अंतर कसं भरलं ते पाहू. बहिष्कृत हितकारिणी सभा २० जुलै १९२४ ला स्थापन झाली आणि १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू झालं. म्हणजे 'शिका' असं सांगून ते थांबले नाहीत. मुलगा राहणार कुठे, खाणार काय, याची सोय आधी पाहिली. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभं राहिलं. या महाविद्यालयाने सकाळचे वर्ग ठेवले, कारण पोटासाठी दिवसा नोकरी करणारा तरुण दुपारच्या वर्गाला येऊ शकत नव्हता. १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू झालं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. या सगळ्यात एकच सूत्र आहे: विद्यार्थ्याची परिस्थिती बघून संस्थेने स्वतःची रचना बदलायची.

आता याच सूत्रावर तंत्रज्ञानाचा इतिहास घासून बघा. १५ ऑगस्ट १९८४ ला विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर उच्च शिक्षणाचे कार्यक्रम सुरू केले. कार्यक्रम इंग्रजीत होते आणि वस्तीतल्या किती घरांत तेव्हा टीव्ही होता ते आपल्या आईवडिलांना विचारा. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. तेव्हा मोबाइल ही श्रीमंतांची चीज होती. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि स्मार्टफोन आपल्या घरांत शिरला. जुलै २०१७ मध्ये 'स्वयम्' हे सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आलं. साधन मिळत गेलं हे खरं. पण एक मोठा बदल कोणाच्या लक्षात आला नाही. फळा, बाक, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांचा खर्च संस्था करत होती. मोबाइलवरच्या शिक्षणात साधन विद्यार्थ्याने विकत आणायचं, रिचार्ज त्याने मारायचा, वीज आणि शांत कोपरा त्याने शोधायचा. वर्गखोलीचा खर्च विद्यापीठाच्या अंगावरून उतरून मजुराच्या घरावर आला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि हे उघडं पडलं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील २३.८ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात हे प्रमाण १४.९ टक्के होतं. संगणक होता अवघ्या १०.७ टक्के कुटुंबांत. तरीही सगळा देश ऑनलाइन शिकणार असं जाहीर झालं. घरात एक फोन, तोही बापाबरोबर कामावर जाणारा. फोन घरी राहिला तर आधी भावाच्या हातात आणि मग बहिणीच्या. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या एका नामांकित महाविद्यालयात गणित शिकणाऱ्या तेलंगणातील गरीब घरच्या विद्यार्थिनीने आत्महत्या केली. तिच्याकडे लॅपटॉप नव्हता आणि शिष्यवृत्तीही वेळेवर आली नव्हती. हुशारी होती, प्रवेशही मिळाला होता. मधलं अंतर भरणारं कोणी नव्हतं.

यावर उत्तर येतं की तो काळ संपला, आता फोन घरोघर आहे. मग मे २०२१ चा विद्यापीठ अनुदान आयोगाचा मसुदा वाचा. मिश्र पद्धतीत ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ऑनलाइन शिकवता येईल असं त्यात म्हटलं आहे. त्याच वर्षीच्या नियमांनी 'स्वयम्'वरून ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्याची मुभाही दिली. म्हणजे मोबाइल आता जोडसाधन राहिलेलं नाही, तो पदवीचा भाग होतो आहे. आणि फोन असणं म्हणजे शिकता येणं नव्हे. सहा इंचाच्या पडद्यावर व्हिडिओ बघता येतो, पण शोधनिबंध लिहिणं, तक्ता भरणं, प्रोग्रॅम लिहिणं यासाठी संगणकच लागतो. एकाने लॅपटॉपवर लिहायचं आणि दुसऱ्याने फुटक्या काचेच्या फोनवर, मग दोघांना एकाच मापाने गुण द्यायचे आणि त्याला गुणवत्ता म्हणायचं, हे आम्हाला मान्य नाही.

हे बदलता येतं का? येतं. १९ सप्टेंबर २०१९ ला केरळ उच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर निकाल दिला. मुलींच्या वसतिगृहात ठरावीक वेळी मोबाइल काढून घेण्याच्या नियमाला तिने विरोध केला म्हणून तिला वसतिगृहातून काढलं होतं. न्यायालयाने इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकाराचा भाग मानला. तामिळनाडूने २०११ पासून सरकारी व अनुदानित संस्थांतील विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप दिले आणि २०२१ च्या सुरुवातीला महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना रोज २ जीबी मोफत डेटा जाहीर केला. महाराष्ट्रातही 'महाज्योती'ने प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. म्हणजे पैसा नाही, ही सबब चालणार नाही.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि स्वाधार योजनेत उपकरण व डेटा यांसाठी स्वतंत्र रक्कम धरा आणि ती सत्राच्या सुरुवातीला द्या. ज्या महाविद्यालयात रात्रीपर्यंत उघडं ग्रंथालय, चालू संगणक आणि वायफाय नाही, तिथे ऑनलाइन श्रेयांक सक्तीचे करू नका. व्याख्यानं कमी डेटात डाउनलोड होतील अशी आणि मराठीतून द्या.

मागणी करत असताना आपणही हात बांधून बसायचं नाही. १९७९ पासून महाराष्ट्र शासन काढत असलेले बाबासाहेबांचे खंड दुकानात मिळत नाहीत म्हणून कार्यकर्ते वर्षानुवर्षे चकरा मारत आले. आज त्यांच्या पीडीएफ आपल्या फोनमध्ये आहेत. त्या उघडून वाचणारे किती? वस्तीतल्या विहारात अभ्यासिका असेल तर तिथे वर्गणी काढून वायफाय आणि दोन जुने संगणक बसवता येतात. ज्येष्ठ विद्यार्थ्याने धाकट्याला अर्ज भरायला, 'स्वयम्'वर नोंदणी करायला शिकवायला पैसे लागत नाहीत. आणि घरातला फोन संध्याकाळी दोन तास मुलीच्या हातात द्यायला तर सरकारी आदेशाचीही गरज नाही.

धारवाडच्या त्या मुलाला दारात अडवणारा माणूस दिसत होता. आज अडवणारा माणूस दिसत नाही, संपलेला डेटा दिसतो. दोष मात्र पुन्हा आपल्याच पोरांच्या माथी मारला जातो. ते आपण चालू द्यायचं नाही.

जय भीम!