विटांआड लाकूड

ग्रीन बे शहर मागे टाकून ५७ क्रमांकाच्या रस्त्याने ईशान्येला निघाले, की पाऊण तासाच्या आत पाट्यांवर नामूर, ब्रुसेल्स अशी नावे येऊ लागतात. हा विस्कॉन्सिन राज्यातल्या डोर काउंटीचा दक्षिण भाग. मुलीकडे मिल्वॉकीला मुक्काम होता, म्हणून इथवर आलो. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. एका बांधकाम ठेकेदाराकडे वीस वर्षे हिशेब लिहिले, त्यामुळे जुने घर दिसले की आधी भिंत पाहायची सवय आहे. आणि पहिल्याच दिवशी माझे भिंतीचे वाचन चुकले.

घरे लाल विटांची, आटोपशीर, दीड मजली. त्रिकोणी दर्शनी भिंत बहुधा रस्त्याकडे, तिच्या माथ्यावर छोटी गोल खिडकी, खिडक्यांवर फिकट विटांची नक्षी. मी वहीत लिहिले : ‘१८७१ नंतर लाकूड सोडले, वीट धरली.’ स्थानिक माहितीपुस्तिकांतही साधारण हेच सांगितलेले असते.

या समजुतीला आधार आहेच. १८५३ साली बेल्जियमच्या ब्राबांत प्रांतातली काही वालून कुटुंबे अँटवर्पहून जहाजाने निघाली. ग्रीन बेच्या परिसरात त्यांना एडवर्ड डाम्स हे बेल्जियन पाद्री भेटले आणि आपली बोली समजणारा माणूस आहे एवढ्यावर त्यांनी इथेच मुक्काम ठोकला. मागून हजारो आले. त्यांच्या हाती पडलेली जमीन रिकामी नव्हती. १८३१च्या तहाने मेनॉमिनी लोकांना ग्रीन बेच्या पूर्वेकडचा मुलूख सोडावा लागला. मग सरकारने त्यावर मैलामैलाचे चौकोन आखले, चौकोनाला ६४० एकर, आणि एकरी सव्वा डॉलरने विक्री सुरू केली. पुस्तिकांत तहाचा हा परिच्छेद फार छोटा असतो.

नव्याने आलेल्यांपुढे दाट अरण्य होते. ओंडके रचून घरे उभी राहिली. शेत तयार होईपर्यंत छपरासाठी हाताने तासलेल्या लाकडी फळ्या गावोगाव चलनासारख्या चालत. जंगल हीच त्यांची कमाई होती, आणि शेतीआड येणारी अडचणही तीच.

१८७१चा उन्हाळा कोरडा गेला. जमीन मोकळी करण्यासाठी पेटवलेले ढीग ठिकठिकाणी धुमसत होते. ८ ऑक्टोबरच्या रात्री वारा सुटला. त्याच रात्री शिकागो जळाले, म्हणून जगाला शिकागो आठवते. खाडीच्या पश्चिमेला पेश्टिगो गाव बेचिराख झाले आणि पूर्वेला या द्वीपकल्पातही आग पसरली. डोर काउंटीतले विल्यमसनव्हिल हे फळ्यांच्या गिरणीभोवतीचे छोटे गाव तर बहुतेक माणसांसह संपले. बेल्जियन वस्त्यांत घरे, गोठे, पिके गेली.

त्यानंतर वीट आली, हे खरे. पण दुसऱ्या फेरीत एका पडीक घराच्या कोपऱ्यापाशी थांबलो. भिंतीत विटांच्या फक्त लांब बाजू दिसत होत्या; आत शिरून नुसते तोंड दाखवणारी आडवी वीट एकही नव्हती. भरीव जाड भिंत अशी बांधत नाहीत. तरीही खिडकीचा कोनाडा हातभर खोल. मग विटेमागे काय? कोपरा ढासळला होता तिथे उत्तर दिसले : एकावर एक रचलेले ओंडके. बाहेरून विटांचा एकपदरी अंगरखा.

यात माझा शोध काहीच नाही. विल्यम लाच आणि चार्ल्स कॅल्किन्स या भूगोल-अभ्यासकांनी या घरांवर आणि भट्ट्यांवर कधीच लिहून ठेवले आहे. मी ते नंतर वाचले. याल्मार होलांड यांचे १९३३चे पुस्तकही वाचनीय आहे, मात्र केन्सिंग्टनच्या तथाकथित व्हायकिंग शिलालेखासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचा उत्साह जपूनच घ्यावा. माझ्यापुरता मुद्दा एवढाच, की ‘आगीने लाकूड संपवले’ हे वाक्य मला वहीतून खोडावे लागले. होरपळलेल्या माणसांनी लाकडाशी नाते तोडले नाही, त्याच्यावर वीट चढवली. यात भीती किती, काटकसर किती आणि मायदेशातल्या विटांच्या घरांची आठवण किती, हे एकट्या भिंतीवरून ठरवता येत नाही. पण तिन्हींना जागा ठेवल्याशिवाय ती भिंत कळत नाही.

रस्त्याकडेला अधूनमधून लाकडी छोटी देवळे लागतात. आत एक वेदी, मूर्ती, कागदी फुले. दोनचार माणसांपुरतीच जागा. नवस फेडण्यासाठी शेतकरी कुटुंबांनी आपल्याच जमिनीत ती बांधली. त्यांना ‘प्रार्थनास्थळ’ म्हणायला माझी जीभ वळेना. मी मनात घुमटीच म्हणत राहिलो.

सर्वांत जास्त वेळ रमलो तो मागच्या अंगणात. उन्हाळ्यात मुख्य घर तापू नये म्हणून वेगळे स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागच्या भिंतीला बाहेरून चिकटलेली दगडविटांची घुमटाकार भट्टी. तोंड मात्र आत, स्वयंपाकघरात. आत लाकूड जाळायचे, निखारे ओढून काढायचे आणि तापलेल्या घुमटात पाव भाजायचे. सुगीनंतरच्या ‘केरमिस’ जत्रेसाठी याच भट्ट्यांतून प्रून आणि तांदळाच्या गोड पाय निघत.

नामूरचा परिसर आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून नोंदलेला आहे. गावचे जुने चर्च बेल्जियन वारसा केंद्र झाले आहे. वालून बोली मात्र आता मोजक्या म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली आहे. भट्ट्यांचेही तसेच. पाव दुकानातून येऊ लागला, भट्टीवरचे छप्पर गळले, पावसाने घुमट खचला आणि कुणीतरी राडारोडा उचलून नेला. अशा स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत नंतर बुजवलेले एक भगदाड दिसते, आजूबाजूपेक्षा वेगळ्या रंगाच्या विटांचे. मी त्याचे माप घेतले आणि वहीत नोंदवले.