३४. फलकाचा ‘आतला फोटो’
‘आतला फोटो’ म्हणजे क्ष-किरण सीटी. फलक कार्बनच्या धाग्यांचे थर इपॉक्सी राळेत बसवून केलेला. ‘तेजस’ विमानाचा बहुतेक बाह्यभाग अशाच संमिश्राचा आहे. एकेक धागा ५ ते ७ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा. वर पाना पडला तर पृष्ठभागावर खूण सहसा दिसत नाही, पण आत राळेला चिरा जातात आणि थर एकमेकांपासून सुटतात. लेखक ज्याला ‘पापुद्रे सुटणे’ म्हणतो ते हेच. असा फलक दाबाखाली अपेक्षेपेक्षा फार लवकर मोडतो, त्यामुळे लेखकाची घालमेल अगदी रास्त आहे.

साध्या क्ष-किरणचित्राने इथे भागत नाही. किरणांना आडवा पसरलेला पापुद्रा त्यात जवळजवळ उमटतच नाही. शिवाय कार्बन आणि राळ किरण साधारण सारखेच शोषतात. सीटीत नमुना थोडाथोडा फिरवत शेकडो चित्रे घेतात व संगणक त्यांतून आतले छेद उभे करतो. (रुग्णावरची पहिली तपासणी लंडन, १९७१, हाऊन्सफिल्ड व कॉरमॅक यांना नोबेल, १९७९.) नमुना लहान तितका बारकावा जास्त, म्हणून लेखकाने फलकाचा लहानसा तुकडा कापून घेतला.

‘पवई’ : आयआयटी मुंबई, स्थापना १९५८. पुढे ज्या ‘मंडळा’च्या परवानगीचा उल्लेख येतो ते अणुशक्तीनगर येथील अणुऊर्जा नियामक मंडळ, स्थापना १९८३, औद्योगिक क्ष-किरण यंत्रे त्याच्याच अखत्यारीत येतात.