भरंवशाची बंदूक

श्रोतेहो, 'भरंवशाच्या म्हशीला टोणगा' ही म्हण आपण हंसत हंसत वापरतों. म्हशीनें फसविलें तर घरचें दूध जातें; पण तें पुढल्या वेतीं भरून निघतें. बंदुकीनें फसविलें तर हात जातो, डोळा जातो, प्रसंगीं प्राणहि जातो, आणि ही हानि कधींच भरून निघत नाहीं. म्हणून शिकारीसाठीं भरंवशाची बंदूक कोणती, हा प्रश्न वरवर हौसेचा दिसला तरी खरोखर हौसेचा नाहीं. त्याचें उत्तर मिळविण्यास मनुष्याला अडीच-तीनशें वर्षें खर्चावीं लागलीं. तो इतिहास आज थोडक्यांत आपणांपुढें ठेवण्याचा माझा विचार आहे.

मी स्वतः शिकारी नव्हे. माझी सारी हयात खडू आणि फळा यांच्या संगतींत गेली. या विषयाकडे माझें लक्ष वळलें तें एका हातामुळें. कोंकणांतील एका खेड्यांत मी नोकरीस असतां एका विद्यार्थ्याचे वडील शाळेंत सही करण्यास आले. कागद हलूं नये म्हणून त्यांनीं डावा पंजा त्यावर ठेवला. त्या पंजाला दोन बोटें नव्हतीं. मीं विचारलें, तेव्हां त्यांनीं सांगितलें तें असें : भाताचीं लोंबें पिकलीं होतीं व रानडुकरें येत होतीं. शेतीच्या राखणीसाठीं परवान्याची ठासणीची बंदूक त्यांच्यापाशीं होती. एका रात्रीं दंवानें केप सर्दावली आणि बार झालाच नाहीं. बंदूक माळ्यावर तशीच राहिली. दुसऱ्या रात्रीं आंत बार भरलेला आहे याचा विसर पडून त्यांनीं वरून दुसरा ठासला. नळी डाव्या हाताखालींच फुटली. "गुरुजी, बंदूक बरी होती हो," ते म्हणाले, "आंत काय आहे तें मात्र तिनें सांगितलें नाहीं."

पुढें या विषयावर जें जें वाचावयास मिळालें तें मीं वाचलें. आणि त्या एका वाक्यांत या शस्त्राचा बराचसा इतिहास सांठविलेला आहे, असें माझ्या ध्यानांत आलें. छऱ्याच्या बंदुकीला शिकारी तीन प्रश्न विचारतो. चाप ओढल्याबरोबर तूं पेटशील काय? तुझे छर्रे नेम धरला तेथें सारखे पोंचतील काय? आणि माझ्या हातांत तूं फुटणार तर नाहींस ना? या तीन प्रश्नांचीं उत्तरें निरनिराळ्या काळीं, निरनिराळ्या लोकांनीं दिलीं.

प्रथम पेटण्याचा प्रश्न घेऊं. तोड्याच्या बंदुकीनंतर सतराव्या शतकांत गारेची बंदूक आली. घोड्यांत धरलेली गार पोलादावर आपटे, ठिणगी उडे, कानाशीं ठेवलेली रंजक पेटे आणि मग नळींतील दारूला आग पोंचे. यांत दोन दोष होते. पावसांत रंजक भिजे, हा एक. आणि रंजक भडकणें व बार होणें यांच्यामध्यें क्षणाचें अंतर राही, हा दुसरा. तो क्षण पांखराला पुरेसा होता. स्कॉटलंडमध्यें ॲबर्डीनशायर परगण्यांतील बेलहेल्वी येथें अलेक्झांडर फॉर्सिथ नांवाचा एक धर्मोपदेशक होता. पाणपक्ष्यांची शिकार करतांना रंजकेचा भडका दिसतांच पक्षी उधळतात, हें त्यानें हेरलें. आघातानें पेटणारीं रासायनिक द्रव्यें त्या सुमारास रसायनशास्त्रज्ञांस ठाऊक झालीं होतीं. एडवर्ड हॉवर्डनें पाऱ्याच्या अशा एका स्फोटक क्षाराची माहिती १८०० सालीं प्रसिद्ध केली होती. फॉर्सिथनें उघड्या रंजकेला रजा देऊन अशा द्रव्याच्या चिमटीवर घोडा आपटविला आणि १८०७ सालीं त्या युक्तीचें पेटंट घेतलें. १८२० च्या सुमारास तांब्याची बारीकशी केप प्रचारांत येऊं लागली. तोंडभर भडका गेला, पावसाची भीति पुष्कळ कमी झाली.

परंतु नळी अजून तोंडाकडूनच भरावयाची होती. आंत बार आहे कीं नाहीं हें बाहेरून दिसत नव्हतें. गज आंत घालून त्याच्या लांबीवरून अंदाज करावयाचा, एवढाच उपाय. अंधार, घाई आणि विसर यांच्यापुढें हा उपाय किती लंगडा पडतो तें आपण आतांच ऐकलें.

यावर खरा तोडगा काढला पॅरिसच्या काझिमीर लफोशो या कारागिरानें. १८३० नंतरच्या दशकांत त्यानें बिजागरीवर मोडणारी बंदूक तयार केली. नळ्या खालीं झुकवाव्या, मागून काडतुसें सरकवावीं, पुन्हां मिटावें. लंडनच्या १८५१ च्या जगप्रसिद्ध प्रदर्शनांत ही रचना इंग्लिश लोकांनीं पाहिली आणि जोसेफ लँग वगैरे कारागिरांनीं ती उचलली. १८६१ सालीं जॉर्ज डॉ यानें बुडाच्या मध्यभागीं केप बसविलेलें काडतूस इंग्लंडांत पुढें आणलें. आजचें काडतूस त्याच कुळांतलें आहे. शिकाऱ्याच्या दृष्टीनें खरा लाभ वेगानें भरण्याचा नव्हे. बंदूक मोडून उजेडाकडे धरली कीं दोन्ही नळ्या आरपार दिसतात. जें माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांना ठासणीच्या बंदुकीनें सांगितलें नाहीं, तें ही बंदूक उघडतांच सांगते.

तथापि इंग्लंडांतील जुन्या शिकाऱ्यांना ती पटेना. जी मधोमध मोडते ती मजबूत कशी राहील, आणि मागून गॅस निसटला तर छऱ्यांना जोर कोठून येईल, अशी त्यांची शंका. ही शंका वाईट नव्हती. तिचें निरसन वादानें होण्यासारखें मात्र नव्हतें. 'द फील्ड' या साप्ताहिकाचा संपादक जॉन हेन्री वॉल्श यानें दोन्ही प्रकारच्या बंदुका उघड्या मैदानांत समोरासमोर आणल्या. वॉल्श मूळचा शस्त्रवैद्य. आणि त्याचा स्वतःचा डावा हात बंदूक फुटून जायबंदी झालेला होता. १८५८ च्या परीक्षेंत ठासणीच्या बंदुका कांहींशा सरस ठरल्या. पुढल्याच वर्षीं पुन्हां परीक्षा झाली, तेव्हां अंतर कमी झालें होतें. कारागिरांनीं दोष हेरले, सांधे सुधारले. हरलेल्या पक्षाला निकाल छापून मिळाला, हा त्या परीक्षांचा मोठा उपकार होय.

आतां दुसरा प्रश्न, छऱ्यांच्या फैलावाचा. येथें थोडें अंकगणित करूं. सहा नंबरच्या एक औंस इंग्लिश छऱ्यांत सुमारें २७० छर्रे असतात. चाळीस यार्डांवर तीस इंच व्यासाचें वर्तुळ काढून त्यावर बार टाकला, तर सरळ नळींतून शेंकडा चाळीस, म्हणजे सुमारें १०८ छर्रे, त्या वर्तुळांत पडतात. नळीचें तोंड किंचित् आवळलें तर शेंकडा सत्तर, म्हणजे सुमारें १९० पडतात. या आवळण्याला चोक म्हणतात. १८७५ च्या 'फील्ड'च्या परीक्षांत बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरच्या चोक नळ्यांनीं आपलें श्रेष्ठत्व सिद्ध केलें. विरळ छर्रे पक्ष्याला मारीत नाहींत, जखमी करून सोडतात. तो झुडपांत जाऊन तडफडत मरतो. म्हणून फैलाव पाहणें हा केवळ नेमबाजीचा प्रश्न नव्हे, दयेचाहि आहे. मात्र पूर्ण आवळलेली नळी जवळच्या पक्ष्यावर चालविली तर एक तर नेम चुकतो, नाहीं तर पक्ष्याच्या चिंध्या होतात. यासाठींच दुनळी बंदुकींत बहुधा एक नळी कमी व दुसरी अधिक आवळलेली ठेवतात. त्याच १८७५ सालीं वेस्टली रिचर्ड्स यांच्या कारखान्यांतील अँसन व डीली या दोघांनीं घोडे आंत दडविलेली सुटसुटीत रचना पेटंट केली. पुढें जगभरच्या कारखान्यांनीं तिचेंच अनुकरण केलें.

तिसरा प्रश्न मीं मुद्दाम शेवटीं ठेविला, कारण तोच सर्वांत जुना व सर्वांत महत्त्वाचा. नळी फुटेल कीं नाहीं, हें नळीकडे पाहून ओळखतां येत नाहीं. सांध्याचा दोष झिलईखालीं दडतो. यास्तव १६३७ सालीं लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला पहिल्या चार्ल्स राजानें सनद दिली. आज बेल्जममध्यें असलेल्या लिएज शहरांत १६७२ सालीं नळ्यांच्या परीक्षेचा हुकूम निघाला. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापन झालें; आणि विशेष हें कीं, तेथील बंदूककारांनींच तें मागून घेतलें व त्याचा खर्चहि सोसला. परीक्षेची रीत सोपी आहे. नेहमींच्या बारापेक्षां मोठा बार नळींत भरून उडवावयाचा. नळी टिकली, फुगली नाहीं, तर तीवर ठसा मारावयाचा. १८६८ च्या कायद्यानें खोटा ठसा मारणें व ठशावांचून नळी विकणें हे गुन्हे ठरले.

मीं जन्मभर परीक्षा घेतल्या, म्हणून या ठशाची एक मर्यादा मला चटकन् समजली. दाखला ज्या अभ्यासक्रमाचा, तेवढ्यापुरताच तो खरा. जुन्या काळीं लोखंडाच्या व पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोंवतीं गुंडाळून, ठोकून नळ्या करीत. त्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे. त्यांना दमास्कस नळ्या म्हणतात. काळ्या दारूच्या परीक्षेंत त्या उत्तीर्ण झाल्या होत्या. पुढें बिनधुराची दारू आली. तिच्यासाठीं इंग्लंडांत १८९६ पासून निराळा ठसा मारूं लागले. आजोबांची नक्षीदार बंदूक घेऊन तींत आजचें काडतूस घालणारा मनुष्य चौथीचा दाखला दाखवून मॅट्रिकच्या वर्गांत बसूं पाहतो. तसेंच, आंत काटकसरीनें कोरून डाग काढलेल्या नळीवर जुना ठसा दिसत असला तरी ती नळी आतां परीक्षा दिलेली ती नळी राहिलेली नसते.

तेव्हां बंदूक निवडणारानें काय पाहावें? आधीं ठसा, आणि तो कोणत्या दारूचा तें. मग काडतुसाच्या घराची लांबी. जुन्या अडीच इंची घरांत पावणेतीन इंची काडतूस घालूं नये, कारण त्यानें दाब वाढतो. बारा बोअर आणि वीस बोअर यांचीं काडतुसें एका पिशवींत तर कधींच ठेवूं नयेत. वीसचें काडतूस बाराच्या नळींत पुढें घसरून अडकतें. नळी रिकामीसें वाटून मागून बाराचें घातलें कीं पुन्हां तीच दोन बारांची गोष्ट. नंतर नळ्या दस्त्यापासून सोडवून एका बोटावर टांगाव्या व हलकेंच टिचकी मारावी. सांधा पक्का असेल तर घंटेसारखा नाद येतो. पट्टी सुटली असेल तर थबथबीत आवाज निघतो. एका जिल्ह्याच्या गांवीं बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरानें मला हें करून दाखविलें, तेव्हां मला शाळेची तडकलेली घंटा आठवली. शेवटीं मिटलेली बंदूक हलवून सांधा डुगडुगतो कीं काय तें पाहावें. कोरीव हरणें आणि चांदीचा पत्रा यांचा विचार या सर्वांनंतर.

श्रोतेहो, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्याची १९९१ ची दुरुस्ती यांमुळें आपल्या देशांत हौशी शिकार बंद झाली, आणि तें योग्यच झालें. परंतु शेतीच्या राखणीसाठीं परवान्याच्या बंदुका आपल्या खेड्यांत अजून आहेत, आणि त्यांतील पुष्कळ ठासणीच्याच आहेत. ज्या घरांत अशी एखादी असेल त्या घरच्या मंडळींस माझी एवढीच विनंती आहे कीं, तिच्यावर ती आजोबांची म्हणून विश्वास ठेवूं नका, आणि तिनें आजवर दगा दिला नाहीं म्हणूनहि ठेवूं नका. जाणत्याकडून ती तपासून घ्या, आणि प्रत्येक वेळीं भरण्यापूर्वीं गज आंत घालून पाहा. या कामीं लागणारा अर्धा मिनिट वांचविण्यापायीं एका कष्टाळू माणसाचीं दोन बोटें गेलीं. तीं मीं पाहिलीं नाहींत. त्यांची रिकामी जागा मात्र त्या कागदावर अजून माझ्या डोळ्यांपुढें दिसते.