तारेचा कायदा आणि इंटरनेट

दिल्लीच्या तारघरातून ११ मे १८५७ रोजी अंबाल्याकडे एक तार गेली. मेरठचे शिपाई शहरात शिरले आहेत, बंगले जळत आहेत, अशा आशयाचा तो मजकूर होता. तो धाडणाऱ्या दोघा तरुण तारमास्तरांनी जीव वाचविण्यासाठी तारघर सोडले. परंतु बातमी घोडेस्वारांच्या पुष्कळ आधी पंजाबात पोहोचली आणि १३ मे रोजी लाहोरजवळ मियाँमीर येथे देशी पलटणींची शस्त्रे काढून घेण्यात आली. एका तारेने राज्य कसे सावरले जाते, हा धडा इंग्रज राज्यकर्ते कधीच विसरले नाहीत.

तार उभारण्याचा अनन्य हक्क कंपनी सरकारने १८५४ च्या कायद्यानेच आपणाकडे घेतला होता. पुढे १८८५ चा तारकायदा झाला. सार्वजनिक आणीबाणी उद्भवल्यास किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी सरकारने तारयंत्र ताब्यात घ्यावे, संदेश अडवावा, असा अधिकार त्याच्या पाचव्या कलमाने दिला. आणीबाणी खरोखरच आहे काय, अशी शंका कोणी काढलीच तर? तिचेही उत्तर कलमातच होते: सरकारी सचिवाने सही केलेला दाखला हाच निर्णायक पुरावा! फिर्यादीही सरकार आणि न्यायाधीशही सरकार. दाखल्याची ही तरतूद १९७२ च्या दुरुस्तीने गेली व कारणे लेखी नोंदविण्याचे बंधन आले. ‘सार्वजनिक आणीबाणी’ हे शब्द मात्र राहिले.

इंटरनेट भारतात सर्वसामान्यांस १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. त्यावर सरकारचा अंमल असावा काय, हा प्रश्न तेव्हापासून नव्यानेच उपस्थित झाल्यासारखा चर्चिला जातो. वास्तविक तारेवरचा सरकारी हात कधी उठलाच नव्हता. प्रश्न होता तो त्या हाताला जाब विचारण्याचा.

सरकारने हात आखडता घ्यावा, असे म्हणणाऱ्यांनी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याची आठवण ठेवली पाहिजे. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होत्या. १ जुलै २०१८ रोजी त्या गावात जमावाने भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. भिक्षेसाठी आलेली माणसे ती! अशा वेळी राज्यसंस्थेने केवळ प्रेक्षक राहावे, असे कोण म्हणेल?

परंतु त्याच महाराष्ट्रात पालघरचे प्रकरणही घडले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. एका तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकवर प्रश्न केला, दुसरीने त्याला पसंती दर्शविली, आणि दोघींनाही अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम त्या वेळी पोलिसांच्या हाती होते. ‘अतिशय आक्षेपार्ह’, ‘त्रासदायक’ अशा शब्दांना त्यात व्याख्याच नव्हती. मग कोणाला काय त्रासदायक वाटेल याला धरबंध तो कोणता? सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरविले. मौज अशी, की मेलेले कलम पोलीस ठाण्यांच्या वह्यांतून जिवंतच राहिले, आणि त्याखाली अद्याप गुन्हे नोंदविले जातात हे ऐकून २०२१ साली त्याच न्यायालयाला नवल व्यक्त करावे लागले. संकेतस्थळांवरील मजकूर बंद करण्याचा ६९-अ कलमाचा अधिकार मात्र न्यायालयाने २०१५ मध्ये कायम ठेवला. त्या कलमाला कारणांची मर्यादा होती आणि कार्यपद्धतीची चौकट होती, हे त्याचे कारण.

एखादा मजकूर अडविणे वेगळे आणि अवघ्या प्रदेशाचे इंटरनेटच तोडणे वेगळे. या दुसऱ्या कामासाठी २०१७ साली जे नियम झाले, ते १८८५ च्याच कायद्याखाली. काश्मीरमध्ये ४ ऑगस्ट २०१९ च्या रात्री फोन व इंटरनेट बंद झाले. बंदीचे आदेशदेखील सर्वांना पाहावयास मिळेनात. ज्याला आव्हान द्यावयाचे तो कागदच नसेल, तर नागरिकाने न्यायालयात जावे कशाच्या आधारावर? १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत आणि अनिश्चित काळासाठी इंटरनेट बंद ठेवता येणार नाही. मोबाइलवरील वेगवान सेवा तेथे सर्वत्र सुरू होण्यास तथापि फेब्रुवारी २०२१ उजाडला.

तारकायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत झाला. त्याच्या विसाव्या कलमात ‘सार्वजनिक आणीबाणी’ आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे जुने शब्द पुन्हा आले आहेत. २०२४ च्या नियमांनुसार बंदीचा आदेश सकारण व प्रसिद्ध असावा लागतो, आणि एक समिती त्याचा फेरविचार करते. या समितीत निवृत्त न्यायाधीशांसारखे बाहेरचे सदस्य असावेत, अशी शिफारस संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर २०२१ मध्ये केली होती. नव्या नियमांतील समितीवरही सचिवच आहेत.